दोनदा ३५५

मे महिन्यातली दुपार, कूलरमधलं पाणी संपलेलं, आणि संध्याकाळी सातला डेमो. सफारीचा गेम होता. जीप जवळ आली की वाघानं तिच्याकडे मान वळवायची आणि मानेची दिशा आणि जीपची दिशा यांतला फरक १० अंशांच्या आत आला की गुरगुरायचं. जीप उत्तरेला असली की वाघ गप्प.

"काहून बे, हा झोपला का?" मी आमच्या पोट्ट्याला विचारलं. त्यानं आकडे छापले. उत्तर म्हणजे ० अंश, आणि ३६० सुद्धा तीच. मान ३५८ वर, जीप ३ वर. सरळ वजाबाकी केली की ३५५. खरं अंतर ५. तेवढं दुरुस्त करता आलं असतं, पण वाघ उतारावर बसला की तिन्ही अक्षांचे कोन एकमेकांत गुंततात. मग वेगवेगळ्या वजाबाक्यांना काही अर्थच राहत नाही. म्हणून क्वाटर्निअन घेतले, म्हणजे दिशा चार आकड्यांत मांडायची. मान आणि जीप, दोघांच्या आकड्यांचा जोडीजोडीनं गुणाकार करून बेरीज, म्हणजे डॉट प्रॉडक्ट, काढायचा, त्याचा आर्ककोसाइन (कोसाइनवरून उलटा कोन), त्याची दुप्पट. झालं.

अर्ध्या तासानं पोट्टा म्हणाला, "भाऊ, परत ३५५!"

मला वाटलं, जुनाच बिल्ड चालतोय. दोनदा नव्यानं केला. तोच आकडा. पण यावेळी उत्तरेचा संबंध नव्हता. जीपनं वाघाभोवती एक पूर्ण फेरी मारली की बिघडायचं, दुसऱ्या फेरीनंतर आपोआप ठीक! डॉट प्रॉडक्ट पाहिला: उणे ०.९९९०५. तेव्हा ट्यूब पेटली. क्वाटर्निअनमध्ये अर्धा कोन असतो, त्यामुळे ३६० अंश फिरून आलं की चारही आकड्यांचं चिन्ह उलटतं. दिशा मात्र तीच. रिंग रोडनं फिरून त्याच चौकात आलो, चौक तोच, मीटर वेगळा. आयरिश गणितज्ञ हॅमिल्टनला हे क्वाटर्निअनचं गणित १८४३ साली डब्लिनमध्ये कालव्याकाठी चालताना सुचलं. त्याला संध्याकाळी डेमो नव्हता.

डॉट प्रॉडक्टचं उणे चिन्ह काढलं. ३५५ चे ५ झाले.

पावणेसातला वाघच गायब. मान जीपवर तंतोतंत आली की डॉट प्रॉडक्ट १.०००००१२ होत होता, आणि एकाच्या वरच्या आकड्याचा आर्ककोसाइन नसतोच. उत्तर 'नॅन', म्हणजे 'हा आकडाच नाही', ते मानेच्या हाडात, तिथून अख्ख्या वाघात. एकाच्या वर जाऊ नये म्हणून एक ओळ टाकली.

सातला पाहुणे आले. वाघ गुरगुरला, आणि स्पीकरचा आवाज कमी करायचं राहून गेल्यानं चहाचे ग्लास न्यायला आलेले काका दारातच थबकले.