आईचा आयएनआर आणि कपाटातले काढे

आईच्या हृदयाची मायट्रल झडप बदलून बरीच वर्षं झाली. धातूची झडप बसवली की रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभराची, आणि तीही जुन्याच जातीची. सारखी तपासणी करावी न लागणाऱ्या नव्या गोळ्या या झडपेला चालत नाहीत. आई असेनोकुमरॉल घेते, संध्याकाळी दिवेलागणीनंतर. ठरलेल्या मुदतीने आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, तपासायचा आणि तो 2.5 ते 3.5 च्या मध्ये ठेवायचा. खाली गेला तर झडपेवर गुठळीची भीती, वर गेला तर रक्तस्रावाची. हे गणित आमच्या डिचोलीच्या घरात पोरांनाही पाठ आहे.

गेल्या पावसाळ्यात आकडा 5.6 वर गेला. दंडावर निळे डाग, दात घासताना हिरड्यांतून रक्त. डॉक्टरांनी गोळी थोडी थांबवली, डोस उतरवला, आकडा खाली आला. पुढच्या तपासणीत परत वर. गोळी चुकायचा प्रश्नच नव्हता, वहिनी रोज स्वतः तिच्या हातावर ठेवते. शेवटी डॉक्टर म्हणाले, "घरात आणखी काहीतरी चाललंय. शोधून काढा."

आईला विचारलं तर, "मी दुसरं काही घेत नाही गो." डॉक्टरांनी विचारलं तरी तेच.

वाट दाखवली ती रक्त काढणाऱ्या नर्सबाईंनी. "औषधं विचारू नका, दुखणी विचारा," म्हणाल्या, आणि तिथेच स्टूल ओढून आईसमोर बसल्या. मावशी, खोकला झाला की काय घेता? गुडघे धरले की? पोट साफ झालं नाही तर? कणकण आली तर? प्रत्येक दुखण्याला आईकडे उत्तर तयार होतं आणि मी तपासणीच्या कागदामागे लिहीत सुटले. गुडघ्यांना वैद्यांचा गुग्गुळ, वरून रात्री बाम. खोकल्याला ज्येष्ठमधाचा काढा. कणकणीला किरायते. सकाळी अनशापोटी लसणीच्या पाकळ्या, कारण "हृदयाला बऱ्या". मावसभावाने आणून दिलेल्या हळदीच्या कॅप्सुल. शेजारी डेंग्यू झाला तेव्हापासून पपईच्या पानांचा रस, तोही डेंग्यू नसताना.

घरी जाऊन तिचं कपाट उघडलं. कॅप्सुलच्या डबीवर बारीक अक्षरात काळ्या मिरीचा अर्क लिहिला होता. तो हळद अंगाला लागावी म्हणून घालतात, पण मिरीतलं पिपरिन शेजारच्या गोळ्यांचं शोषणही वाढवू शकतं, हे कंपनी डबीवर कशाला लिहील? खरा धक्का बामाने दिला. घटकांत मिथाइल सॅलिसिलेट. हे ॲस्पिरिनच्या कुळातलं, कातडीतून आत शिरतं आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना आयएनआर वर नेऊ शकतं. आई तो दोन्ही गुडघ्यांपासून पोटऱ्यांपर्यंत चोळायची. खोलीत शिरलं की त्या वासाने नाकाला झिणझिण्या यायच्या, आणि आम्हाला वाटायचं बाम तेवढा बाहेरून आहे.

अडलं ते पुड्यांपाशी. कारखान्यात तयार झालेल्या आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर घटक छापावेच लागतात, तसा नियम आहे. पण वैद्य आपल्याच रुग्णासाठी जे करून देतात त्याला परवान्याची अट नाही, म्हणून कागदी पुडीवर नाव-गाव काहीच नसतं. मग एका शनिवारी मी शिरोड्याला आईच्या वैद्यबुवांकडे गेले. ते चिडतील असं धरूनच चालले होते. त्यांनी आयएनआरची फाइल मागून घेतली, पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली आणि चष्मा काढून म्हणाले, "बाय, हिच्या छातीत झडप आहे हे मला आज कळतंय."

मग त्यांनी आपल्या लेटरहेडवर प्रत्येक पुडीतला घटक लिहून दिला, शेजारी शास्त्रीय नाव. गुग्गुळ स्वतःच खोडला. फिटच्या फेनिटॉइन गोळीबरोबर शंखपुष्पीचं औषध घेतलं तर गोळीचा असर कमी होतो, हे मुंबईच्या डॉक्टरांनी 1992 मध्येच लिहून ठेवलंय, हेही त्यांनीच सांगितलं. "आम्हालाही माहीत असतं गं, पण समोरचा बोलला तर ना!" कारल्याचा रस आणि मधुमेहाची गोळी दोन्ही घेऊन, साखर फार उतरून घाम फुटलेले लोक त्यांच्याकडे नेहमी येतात म्हणे.

ते लेटरहेड घेऊन परत डॉक्टरांकडे. त्यांनी हे बंद, ते बंद असं सरसकट केलं नाही, ते मला आवडलं. ते म्हणाले, वनस्पती बंद केली तरी आकडा हलतो, फक्त उलट्या दिशेने. म्हणून कॅप्सुल, बाम, पपईच्या पानांचा रस आणि किरायते बंद, आणि पुढे काही काळ दर आठवड्याला आयएनआर. ज्येष्ठमध वेगळ्याच कारणाने गेलं. आई लघवी जास्त होण्याची गोळी घेते, त्यात ज्येष्ठमध जास्त दिवस घेतलं तर पोटॅशियम उतरतं आणि रक्तदाब चढतो. आमटीतली लसूण आणि हळद राहिली. कच्च्या पाकळ्यांवर आई अडून बसली होती, त्याही तिने शेवटी सोडल्या. नेमका चोर कोण, ते ठरलं नाही. सगळंच एकदम थांबवल्यावर ठरणार कसं? माझा संशय बामावर, वहिनीचा पपईवर.

भाजीचा घोळ मात्र आमच्या घरात आधीपासूनचा. ही गोळी व्हिटॅमिन के अडवून काम करते आणि ते हिरव्या पाल्यात भरपूर, एवढं ऐकून भावाने तिची तांबडी भाजी आणि अळू बंदच केलं होतं. श्रावणात टाकळा आला की ती गुपचूप वाडगाभर खायची. डॉक्टर भावालाच ओरडले. पाला बंद करायचा नाही, नेहमी साधारण सारखाच खायचा. गोळीचा डोस त्या खाण्याला धरूनच ठरतो. आता ती आठवड्यातून ठरल्या वारी राजरोस खाते आणि आकडा उड्या मारत नाही.

सगळ्यांत जड गेलं ते येणाऱ्या-जाणाऱ्यांना आवरणं. चतुर्थीला माहेरवाशिणी येतात त्या पिशवीत एखादी तरी बाटली घेऊनच. त्यांना नाही म्हणणं आईला जमत नाही. वहिनी बाटली हातात घेऊन, "डॉक्टरांना दाखवून मग देते हां," म्हणते आणि फ्रिजवर ठेवते. फ्रिजवर सध्या नोनी नावाच्या फळाचा रस आहे.

वैद्यांची यादी आणि डॉक्टरांचा डोस आता एकाच कागदावर आहे, त्याचा फोटो भावाच्या मोबाइलमध्ये. परवा गुडघे फारच दुखायला लागले म्हणून तो फार्मसीत गेला. पोऱ्याने न विचारता डायक्लोफिनॅक ही दुखण्यावरची गोळी काढली. भावाने फोटो पुढे केल्यावर आतून फार्मसिस्ट बाई आल्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर हे नको म्हणून पाकीट परत ठेवलं आणि पॅरासिटामॉल दिलं. रोज खात राहिलं तर यानेही आयएनआर वाढतो, तेव्हा किती गोळ्या घेतल्या ते पुढच्या तपासणीत सांगा, असं बजावून. आईने दोन घेतल्या. पुढचा आकडा 3.1 आला.