लेकीला सांगितलेली ली डक-ही
परभणीत आमची लेक रोज शाळेच्या भिंतीवर तासभर चेंडू बडवते. परवा विचारलं तिनं, "माय, आधी कुणीच गेलेलं नसलं तर जाता येतं का?"

मी तिला दक्षिण कोरियाची टेनिसपटू ली डक-ही सांगितली. १९७८ ला बँकॉकच्या आशियाई खेळांत एकेरीचं सोनं. १९८१ ला अमेरिकन ओपनची चौथी फेरी, वय २८! (या वयात आमच्याकडं पोरीला खेळ कोण विचारतं?) आणि १९८२ ला अमेरिकेतल्या फोर्ट मायर्स स्पर्धेचं विजेतेपद. व्यावसायिक टेनिसच्या दौऱ्यावर एकेरीची स्पर्धा जिंकणारी पहिली कोरियन. पुरुषांत ते जमायला २००३ उजाडलं, सिडनीत, ली ह्युंग-तेकला. ती २१ वर्षं लेकीनं बोटांवर मोजली.

मग रॅकेट घेऊन परत भिंतीकडं. दिवेलागण झाली होती, मी हाक मारली नाही.