तुम्ही विचारलंत म्हणून: फौजींना उर्दू शिकवताना काही वाटत नाही का?

परवा परत झालं. जेवणं आटोपली होती, मी ताटं उचलत होते, आणि मावसबहिणीचे यजमान म्हणाले, "ताई, एक विचारू का, राग मानू नका. त्या अमेरिकन सैनिकांना उर्दू शिकवताना तुम्हाला काही वाटत नाही का हो?" मी म्हटलं, "वाटतं ना, पगार कमी वाटतो." सगळे हसले, विषय संपला. अकरा वर्षं मी हेच उत्तर देतेय. तर भाऊजी, तुम्ही विचारलंत म्हणून, आणि तुमच्याआधी निदान चाळीस जणांनी विचारलं म्हणून, एकदाचं लिहून टाकते.

मी त्या सैनिकांच्या भाषावर्गांवर कशी पोचले, ग्रँट कोणाची, कॉन्ट्रॅक्ट दर वर्षी कसं लटकतं, हे सगळं तुम्हाला पाठ आहे, ते सोडून देते. आणि मराठी बाई उर्दू कशी शिकवते हेही. आजोबा निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकले, एवढं पुरे.

विचारणाऱ्यांचे दोन पक्ष असतात. एक पक्ष पाठ थोपटतो, "वा, म्हणजे पाकिस्तानवर नजर ठेवणारी माणसं तुम्ही तयार करता!" अहो, भारताच्या २०११ च्या जनगणनेत उर्दू मातृभाषा सांगणारे ५ कोटींच्या वर आहेत, ती भाषा कुणा एका देशाची नाही, आणि माझा विद्यार्थी पहिले तीन आठवडे 'ख' आणि 'ख़' मधला फरक ऐकू येत नाही म्हणून रडकुंडीला आलेला असतो, तो कुठली नजर ठेवणार. दुसरा पक्ष सुशिक्षित. ते मान जरा तिरकी करून विचारतात, "पण हे नैतिकदृष्ट्या...?" आणि वाक्य अर्धं सोडतात. मला हा दुसरा पक्ष जास्त लागतो. कारण तीस वर्षांची असताना मी त्याच पक्षात होते, युद्धाविरुद्धच्या मोर्चातही गेले होते.

तेव्हाच्या त्या मुलीला मी बरीच वर्षं एक ठरलेलं उत्तर द्यायचे. मोल्सवर्थ. आपण आजही एखादा जुना शब्द अडला की ज्या मराठी-इंग्रजी कोशाकडे धावतो, तो १८३१ साली पहिल्यांदा निघाला आणि १८५७ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली, आणि तो करणारा जेम्स मोल्सवर्थ कंपनी सरकारच्या सैन्यातला कॅप्टन होता. त्या कामाला हातभार लावणारा कँडी, तोही लष्करी. पेशवाई जाऊन पुरती पंधरा वर्षंही झाली नव्हती! मग त्यांच्यासमोर बसून शब्द सांगणारे, अर्थ फोडून दाखवणारे शास्त्री काय वाईट होते? त्यांच्यामुळेच तर आज कोश आहे. हे मी असं ठासून सांगायचे की समोरचा गप्प व्हायचा.

पण खरं सांगू, हे उत्तर मला आता पुरत नाही. शास्त्रीबुवा कंपनीच्या पगारावर होते आणि त्यांना ते ठाऊक होतं. घरी गेल्यावर बायकोला काय सांगत असतील? कोश उरला म्हणून त्यांचं तेव्हाचं अवघडलेपण पुसलं गेलं असं थोडंच आहे. आणि मी काही कोश करत नाहीये. मी 'तंबू', 'औषध', 'रांगेत या' शिकवतेय.

शिकवणाऱ्यांचं हे अवघडलेपण या धंद्यात पहिल्या दिवसापासून आहे, आणि ते कोणी विचारत नाही. अमेरिकन सैन्याची मोठी भाषाशाळा, जी आज कॅलिफोर्नियात माँटरेला आहे, तिची सुरुवात १ नोव्हेंबर १९४१ ची. सॅन फ्रान्सिस्कोला क्रिसी फील्डवर एका रिकाम्या हँगरमध्ये ४ शिक्षक आणि ६० विद्यार्थी, विषय जपानी. शिक्षक जपानी वंशाचे, विद्यार्थीही बहुतेक तसलेच, अमेरिकेत जन्मलेले. सव्वा महिन्यात जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला, आणि १९४२ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना उचलून कॅम्पात टाकलं तेव्हा ही शाळासुद्धा मिनेसोटाला हलवावी लागली. घरचे काटेरी तारेच्या आत आणि हे बाहेर सैन्याला भाषा शिकवतायत. नौदलाची जपानी शाळा कोलोरॅडो विद्यापीठात, बोल्डरला होती, तिथले काही शिक्षक तर कॅम्पातूनच आणलेले. त्यांना कोणी "काही वाटत नाही का" विचारलं असेल का, हा प्रश्न मला शॉवरखाली उभी असताना वगैरे पडतो. आमच्या स्टाफरूममध्ये पण कोण आहेत बघा ना. एक इराक सोडून आलेला, एक काबूलचा, एक कोरियन बाई जिचे वडील युद्धात हरवले होते. १६ ऑगस्ट २०२१ ला, काबूल पडल्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, आमचा पश्तोचा, म्हणजे अफगाणिस्तानातल्या एका भाषेचा, सर सकाळी आठला वर्गावर होता. मी म्हटलं घरी जा. तो म्हणाला, घरी फोन आहे, फोन वाजतो. बास, एवढंच.

आता सार्जंटची गोष्ट. ती मी घरात कोणाला सांगितलेली नाही.

माँटरेला उर्दूचा कोर्स ४८ आठवड्यांचा असतो. आमच्याकडे येतात त्यांना १६ आठवडे मिळतात, दिवसाला सहा तास, पाच-सहा जणांचा वर्ग, साध्या कपड्यात येतात आणि उठसूट "मॅम" म्हणतात. शेवटी परीक्षा. बोलण्याची परीक्षा फोनवर, समोरचे परीक्षक अनोळखी. गुण ० ते ५, मध्ये मध्ये 'प्लस'. या गुणांवर त्यांचा भाषाभत्ता ठरतो, पुढची पोस्टिंग ठरते, आणि आमची ग्रँट सुद्धा. म्हणून मी वेळ वाचवायच्या युक्त्या करते. त्यातली माझी सगळ्यात लाडकी युक्ती दुसऱ्या आठवड्यातली: क्रियापदातला 'ना' काढून टाका, आज्ञा तयार! बैठना, बैठ. बोलना, बोल. रुकना, रुक. दहा मिनिटांत वर्गाला पन्नास आज्ञा येतात, सगळे खुश. 'बैठो', 'बैठिए', 'तशरीफ़ रखिए' वगैरे पुढे सहाव्या आठवड्यात बघू.

तर नववा आठवडा होता. रोल प्ले. मी मुद्दाम युद्धाचे प्रसंग घेत नाही. पाकिस्तानात २०१० मध्ये महापूर आला तेव्हा अमेरिकन हेलिकॉप्टर मदतीला गेली होती, म्हणून मी पुराची छावणी घेते. मी म्हातारी, डोक्यावर ओढणी, तंबू मागायला आलेय. विद्यार्थ्याने मला बसवायचं, नाव विचारायचं, घरात किती माणसं ते विचारायचं. सोपं. सार्जंटचा नंबर आला. पस्तिशीचा, अफगाणिस्तानात दोनदा जाऊन आलेला, वर्गात सगळ्यात जास्त मेहनत करणारा, उच्चार भयानक. मी काकुळतीला आल्यासारखं काहीतरी बोलत आत आले. त्याने खुर्चीकडे बोट केलं आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "बैठ. नाम बोल."

मला काय झालं कोण जाणे. मी ओढणी काढली आणि पाच जणांसमोर इंग्रजीत म्हणाले, "असं कुत्र्याला सांगतात." आणि वर आणखी, की तुम्ही लोक भाषा शिकायला येत नाही, हुकूम शिकायला येता. हे 'तुम्ही लोक' माझ्या तोंडून कुठून आलं ते मला नीट माहितीये, ते मोर्चातल्या त्या मुलीचं होतं.

तो लाल झाला नाही, चिडला नाही. "यस मॅम" म्हणाला. वही काढली, पानं मागे उलटली आणि माझ्यापुढे धरली. दुसऱ्या आठवड्याची तारीख. खाली त्याच्या गिचमिड अक्षरात माझं वाक्य, दोनदा अधोरेखित केलेलं: 'ना' काढला की आज्ञा. त्याखाली पन्नास शब्दांची यादी, पहिला शब्द बैठ. सहाव्या आठवड्याचं पानही होतं, पण ते आम्ही दीड तासात उरकलं होतं. त्याने ते उलटून दाखवलंसुद्धा नाही.

संध्याकाळी तो ऑफिसात आला. मला वाटलं तक्रार करायला. दाराशी उभा राहून म्हणाला, मॅम, एक विचारायचं होतं. अफगाणिस्तानात आमच्या बरोबर दुभाष्या असायचा. एका घरी एक आजोबा उभे होते, मी दुभाष्याला म्हटलं, यांना बसायला सांग. दोन शब्दांचं काम. तो आपला बोलतोय, बोलतोय, छातीवर हात ठेवतोय. मला वाटलं हा आपलंच काहीतरी लावतोय. मी त्याला नंतर बाजूला घेऊन दम दिला, मी जेवढं बोलतो तेवढंच बोलायचं. त्यानंतर तो तेवढंच बोलायला लागला. मग थांबून म्हणाला, "म्हणजे त्या दिवसापासून मी सगळ्यांशी कसा बोलत होतो?"

पश्तोत 'बसा' किती प्रकारे म्हणतात मला माहीत नाही, मला पश्तो येत नाही, असं काहीतरी मी पुटपुटले. खरंच तेवढंच बोलले. त्याला खुर्चीवर बसायलासुद्धा सांगितलं नाही, हे तो गेल्यावर लक्षात आलं.

त्या दिवसानंतर सार्जंट वर्गात फक्त पाठ केलेली वाक्यं बोलायला लागला. प्रत्येक वाक्यात आप, जी, मेहरबानी. एक वाक्य जुळवायला अर्धा मिनिट. चुकायला घाबरणारा माणूस भाषा बोलू शकत नाही, हे मी दर बॅचला पहिल्या दिवशी सांगते. परीक्षेत त्याला बोलण्यात 'वन' मिळाला, 'वन प्लस' हवा होता. आणि गंमत बघा, त्या मोजपट्टीत लेव्हल वनच्या वर्णनाची सुरुवातच अशी आहे की हा माणूस किमान सौजन्यापुरतं बोलू शकतो. तेवढं मात्र मी त्याला शिकवलं म्हणायचं.

आमचे कोऑर्डिनेटर, स्वतः सैन्यातून निवृत्त झालेले, म्हणाले एकाच्या निकालावरून काही ठरत नसतं, त्याचं ऐकणंही कच्चंच होतं. खरंय. त्याचं ऐकणं कच्चं होतं. मग मी धडे बदलले, आता दुसऱ्या आठवड्यातच 'आप' आणि 'बैठिए', तीन रकाने फळ्यावर, कोणाला काय म्हणायचं. याला अख्खे दोन दिवस जास्त जातात आणि ते दोन दिवस वाचनातून कापले जातात, म्हणून कोऑर्डिनेटर नाराज, कारण वाचनाला गुण आहेत. विद्यार्थीही वैतागतात. मराठी माणसाला तू, तुम्ही, आपण आईच्या कडेवर असताना कळतं. ज्याच्या भाषेत सगळ्यांना एकच 'यू' आहे त्याला तुम्ही हे दोन दिवसांत कसं समजावणार? आणि समजा समजावलं, तर मी काय केलं? हुकूम गोड केला. हातात बंदूक असलेला माणूस 'तशरीफ़ रखिए' म्हणाला तर त्या म्हातारीला बरं वाटेल का जास्त भीती वाटेल, यावर मी आणि पश्तोचा सर तासभर भांडलो होतो. तो म्हणायचा, बरं वाटेल, तुला माहीत नाही. त्याने पाहिलं होतं, मी नव्हतं, म्हणून मी गप्प बसले. पटलं नाही.

त्याचं कॉन्ट्रॅक्ट पुढे संपलं. पश्तो कोणाला नको होती. काबूलच्या वेळी त्याच्यावर लेख लिहून घ्यायला आलेले लोक तेव्हा कोणी आले नाहीत.

तर वाटतं का? भाऊजी, मला ते विद्यार्थी आवडतात, हे आधी सांगून टाकते, कारण तुम्हाला तेच ऐकायचं नसतं. विशीतली पोरं, आईला फोनवर उर्दूत गाणं म्हणून दाखवणारी. उद्या त्यांना कुठे पाठवतील ते मला सांगत नाहीत, त्यांनाही माहीत नसतं. मी शिकवलं नाही तर ते दुभाष्याशिवाय, कार्डावरचे पाच शब्द घेऊन जातील, हे माझं सध्याचं उत्तर आहे, आणि ते मोल्सवर्थपेक्षा फार बरं नाही हे मलाही कळतं. मोर्चातली ती मुलगी म्हणते, जातीलच कशाला? तिला काय सांगू. तिचं भाडं बाबा भरायचे.

मागच्या महिन्यात पश्तोच्या सरांचा फोन आला, आता दुसऱ्या शहरात गाडी चालवतो. बोलता बोलता मी त्याला सार्जंटच्या दुभाष्याची गोष्ट सांगितली. तो एवढा हसला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. म्हणाला, अगं, कुठला दुभाष्या ऐकतो? साहेबासमोर वाक्य छोटं करायचं आणि उरलेलं डोळ्यांनी बोलायचं. त्या आजोबांना सगळं कळलं असणार. हे त्याला ठाऊक आहे म्हणून म्हणाला की मला बरं वाटावं म्हणून, सांगता येत नाही.

सार्जंटला हे कळवायला हवं. मेल उघडून ठेवलाय तीन आठवडे. उर्दूत लिहावा म्हटलं, त्याला अजून वाचता येत असेल तर. पण वर्गात मी त्याला कायम 'तुम' म्हणत आले, आणि आता 'तुम' लिहू की 'आप' तिथेच गाडी अडलीय. सोमवारी नवी बॅच येतेय.