पुन्हा पुन्हा उलटणारा अल्सर

आमच्या परभणी भागात पोटाचा अल्सर झाला की पहिला दोष ठेच्याला दिला जातो. मी तिखट आणि चहा दोन्ही सोडून दूध-भाकरीवर राहिलो, तरीही पित्ताच्या गोळ्या बंद केल्या की काही आठवड्यांत रात्री रिकाम्या पोटी बेंबीच्या वर तीच आग पुन्हा सुरू होई.

नांदेडच्या पोटविकारतज्ज्ञांनी जुने कागद पाहून पहिलाच प्रश्न विचारला, की मागच्या एंडोस्कोपीच्या वेळी गोळ्या चालू होत्या का. त्या चालू होत्या. ओमेप्राझोलसारख्या पित्ताच्या औषधाने अल्सरला कारणीभूत ठरणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू तात्पुरता दबतो आणि तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून दोन आठवडे गोळ्या थांबवून पुन्हा दुर्बीण घातली. जठराच्या अस्तराचा बारीक तुकडा युरियायुक्त जेलमध्ये ठेवला. हा जिवाणू युरियापासून अमोनिया तयार करतो, त्याच्याच आधाराने जठरातील आम्लात तग धरतो, आणि तो असला तर पिवळे जेल गुलाबी होते. माझे झाले.

१९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी हा जिवाणू प्रयोगशाळेत वाढवला. पुढे मार्शल यांनी तो स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. २००५ चे नोबेल या दोघांना मिळाले. इतके सिद्ध झालेले असताना आजही अनेक रुग्ण केवळ पित्ताच्या गोळ्यांवर वर्षे काढतात, याचे मला फार वाईट वाटते.

क्लॅरिथ्रोमायसिन आणि अमॉक्सिसिलिन या प्रतिजैविकांचा १४ दिवसांचा पहिला कोर्स मी एकही मात्रा न चुकवता पूर्ण केला, तरी जिवाणू गेला नाही. आपल्याकडे क्लॅरिथ्रोमायसिनला दाद न देणारे जिवाणू बरेच आढळतात, असे डॉक्टरांनी सांगितले. दुसऱ्या कोर्समध्ये बिस्मथ, टेट्रासायक्लिन, मेट्रोनिडॅझोल आणि आम्ल कमी करणारी गोळी अशी चार औषधे होती. तोंडाला सतत धातूसारखी चव आणि मळमळ, त्यामुळे हे दिवस कठीण गेले. बिस्मथमुळे शौचाचा रंग काळा होतो, हे आधी सांगितले नसते तर रक्तस्राव समजून घरचे घाबरले असते.

औषधे संपल्यावर किमान चार आठवडे थांबून शौचाची अँटिजेन तपासणी, म्हणजे शौचात जिवाणूचे अंश आहेत का ते पाहणारी तपासणी, करायची होती, आणि त्याआधी दोन आठवडे पित्ताची गोळीही घ्यायची नव्हती. दुखणे थांबले म्हणून बहुतेक जण ही तपासणी टाळतात. माझ्या दृष्टीने मात्र संपूर्ण उपचारात तीच सर्वांत मोलाची होती, कारण पहिला कोर्स फसल्याचे तिच्यामुळेच कळले होते. या वेळी अहवाल निगेटिव्ह आला. पित्ताची गोळी बंद झाली, आणि अंगदुखीवर दुकानातून परस्पर वेदनाशामक घेण्यास डॉक्टरांनी मनाई केली, कारण जिवाणू नसतानाही त्या गोळ्यांनी अल्सर होतो.