व्हीएफ-1 व्हॅल्किरी: पाय कुठे जोडलाय ते आधी बघा

व्हीएफ-1 व्हॅल्किरीचं कोणतंही खेळणं हातात आलं की आधी त्याची कंबर बघावी. रंग, डोकं, खोक्यावरचं चित्र हे सगळं नंतर. ताकातोकू, यामातो, बंदाई अशा वेगवेगळ्या कंपन्यांनी चाळीस वर्षांत हे एकच लढाऊ विमान कितीतरी वेळा घडवलं. त्या सगळ्या आवृत्त्यांत माझ्या मते एकच फरक खरा महत्त्वाचा आहे: विमानाचा यंत्रमानव होताना पाय मागून पुढे कसे येतात.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. 'सुपर डायमेन्शन फोर्ट्रेस मॅक्रॉस' ही जपानी मालिका ऑक्टोबर 1982 मध्ये सुरू झाली. तिच्यातलं व्हीएफ-1 हे शोजी कावामोरी यांचं डिझाइन. पंख मागे-पुढे होणारं एफ-14 विमान त्याच्यामागे उघड दिसतं. याची रूपं तीन: फायटर म्हणजे विमान, बॅट्रॉइड म्हणजे यंत्रमानव आणि मधलं गेरवॉक, म्हणजे हातपाय फुटलेलं विमान. विमानाची दोन इंजिनं म्हणजेच यंत्रमानवाचे दोन पाय. हवा आत घेणारं तोंड ही मांडी, मागचा नॉझल हे पाऊल.

आता अडचण बघा. फायटरमध्ये मांडीचं वरचं टोक पंखांच्या मुळाशी, पोटाखाली बसलेलं असतं. बॅट्रॉइड करताना विमानाचं नाक खाली दुमडतं, कॉकपिट पोटावर येतं आणि नाकाचं टोक दोन पायांच्या मध्ये. त्यामुळे पाय आता त्या नाकाच्या दोन्ही बाजूंना लटकायला हवेत. म्हणजे सांधा वाकून भागत नाही, सांध्याला जागाच बदलावी लागते. चित्रात ते एका क्षणात होतं. खेळण्यात मात्र तिथे कुणीतरी सळई, खाच आणि खटका बसवलेला असतो, आणि पायांचं सगळं वजन त्यांच्यावरच पडतं.

ताकातोकूने 1982 मध्येच 1/55 मापाचं, म्हणजे आराखड्यातल्या विमानाच्या पंचावन्नाव्या हिश्शाएवढं, खेळणं बाजारात आणलं. त्यांनी शोधलेलं उत्तर साधं आणि दणकट होतं: प्रत्येक पायाला धातूचा एक आखूड दांडा, तो फिरवला की पाय नाकाशेजारी येऊन बसतो. काहीही सुटं करावं लागत नाही. याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. बॅट्रॉइडमध्ये पाय बाजूला फाकत नाहीत, त्यामुळे तो जवळपास सावधान उभा राहतो. आणि फायटरमध्ये हात पायांच्या मध्ये नीट दडत नाहीत, पोटाखाली लोंबल्यासारखे दिसतात. तरीही मुलाने दिवसातून वीस वेळा उघडमीट केली तरी टिकेल असं व्हीएफ-1 मला विचाराल तर हेच. ते खेळायला केलेलं आहे, आणि ते हाताला कळतं.

ताकातोकू 1984 मध्ये बुडाली. तिचे साचे पुढे बंदाईकडे गेले आणि बंदाईने तेच 1/55 नंतर पुन्हा पुन्हा काढलं. म्हणून जुन्या ताकातोकूच्या खोक्यासाठी मोठी रक्कम मोजण्याआधी स्वतःला विचारा, तुम्हाला वस्तू हवी आहे की 1982 साल? फक्त वस्तू हवी असेल तर बंदाईचं पुनर्मुद्रण घ्या. साचा तोच, प्लॅस्टिक ताजं.

याच साच्यातून अमेरिकन कंपनी हॅस्ब्रोचा जेटफायर आला, 1985 मध्ये, ट्रान्सफॉर्मर्सच्या रांगेत. जपानमध्ये ट्रान्सफॉर्मर्स विकायची ताकारा, आणि हा साचा तिच्या प्रतिस्पर्धी बंदाईकडे. त्यामुळे तिकडच्या ट्रान्सफॉर्मर्समध्ये जेटफायर आलाच नाही, आणि कार्टूनमध्ये त्याचं रूपडं बदलून नाव स्कायफायर झालं. जेटफायर घेताना आधी लाल चिलखताचे तुकडे मोजा. पाठीवरचे बूस्टर, छाती, हात, पाय, डोक्यावरचा मुखवटा, हे सगळे नुसते अडकवायचे असल्याने हरवतात, आणि सुटे विकत घ्यायला गेलं तर खेळण्याइतकेच महाग पडतात.

यामातोचं पहिलं 1/60 या शतकाच्या सुरुवातीला आलं. दिसायला ते ताकातोकूपेक्षा पुष्कळ नीटस, पण कंबरेचा प्रश्न त्यांनी चक्क टाळला: रूपांतर करताना पाय काढायचे आणि दुसऱ्या जागी लावायचे. शेल्फवर एकाच रूपात ठेवायचं असेल तर चालेल. मला ते पटत नाही. पाय हातात काढून घेतले की ते रूपांतर उरत नाही, जोडणी होते.

त्यानंतर यामातोनेच 1/48 काढलं आणि त्यात पाय न काढता पुढे येतात. इथे पहिल्यांदा एकाच खेळण्यात देखणं फायटर आणि हालचाल करणारा बॅट्रॉइड दोन्ही मिळाले. 2008 मध्ये 1/60 ची दुसरी आवृत्ती आली, तिच्यात हीच कल्पना लहान मापात बसवली. गोळीबंद फायटर हवं असेल तर आजही मी या दुसऱ्या 1/60 कडे बोट दाखवेन. पण तिच्या पहिल्या खेपांचा खांदा सगळ्या संग्राहकांना ठाऊक आहे: खांद्याच्या बिजागरीच्या प्लॅस्टिकला तडा जातो आणि हात निखळतो. लहान माप म्हणजे पातळ भिंती, आणि पातळ भिंतीत घट्ट पिन असली की ताण कायम राहतो. खेळणं नुसतं खोक्यात पडून असलं तरी राहतो. म्हणून 'कधीच उघडलेलं नाही' हे विक्रेत्याचं वाक्य इथे दिलासा ठरत नाही.

यामातो बंद झाल्यावर तिचं काम आर्केडियाने पुढे चालवलं. बंदाई मात्र स्वतःच्या नव्या साच्यासह 1/48 मध्येच उतरली, डीएक्स चोगोकिन या मालिकेत. चोगोकिन म्हणजे 'महामिश्रधातू'. हे नाव 1974 च्या माझिंगर झेडच्या धातूच्या खेळण्यापासून चालत आलंय. डीएक्सची कंबर मला सगळ्यांत समाधानकारक वाटते. पाय पुढे आला की खटका बसल्याचं बोटाला कळतं, आणि मग खेळणं उचलताना कंबर ढिली पडत नाही. खुणा कारखान्यातच छापलेल्या असतात, स्टिकर चिकटवायची गरज नाही. खटकतं ते वेगळंच: क्षेपणास्त्रं आणि सुपर पार्ट, म्हणजे वरून चढवायचे जादा बूस्टर आणि शस्त्रं, स्वतंत्र विकतात, त्यामुळे पूर्ण सजलेलं विमान हवं असेल तर सुरुवातीची किंमत ही निम्मीच गोष्ट असते. पूर्ण सज्ज म्हणजे पंखांखाली चार जागी तीन-तीन, अशी बारा एएमएम-1 क्षेपणास्त्रं. घेताना मोजून घ्या.

मापाचा हिशेब खरेदीआधी करून ठेवा. मूळ आराखड्यात फायटरची लांबी 14.23 मीटर आणि बॅट्रॉइडची उंची 12.68 मीटर धरलेली आहे. म्हणजे 1/60 मध्ये विमान साधारण 23.7 सेंटिमीटर आणि यंत्रमानव 21. 1/48 मध्ये विमान 29.6, यंत्रमानव 26.4. 1/100 मध्ये विमान फक्त 14. पंख पूर्ण उघडले की 1/48 ला तीसेक सेंटिमीटर रुंदीही लागते, आणि आपल्याकडच्या पुस्तकांच्या कपाटाचे कप्पे बहुधा तेवढे खोल नसतात. कपाट मोजल्याशिवाय 1/48 मागवू नका.

डोक्यावरून विमान ओळखता येतं: डोक्यावर लेझर तोफेची एक नळी, म्हणजे एक लेझर, असेल तर व्हीएफ-1ए, दोन म्हणजे व्हीएफ-1जे, चार म्हणजे व्हीएफ-1एस. दोन आसनी व्हीएफ-1डीलाही दोनच असतात, पण त्याचं कॉकपिट लांब. पांढऱ्या-लाल रंगाचं 'जे' म्हणून विकलेल्या विमानाला एकच लेझर दिसला तर एकतर डोकं बदललंय किंवा दुसरा लेझर तुटलाय. फोटो मोठा करून बघा.

रूपांतराचा क्रम पाळला तर निम्मे अपघात होतच नाहीत. आधी पोटाखालची बंदूक आणि क्षेपणास्त्रं काढा, चाकं आत घ्या. पंख पूर्ण मागे. पाय शेपटीकडून सोडवून खाली आणा, आणि मगच हात बाहेर काढा. पाय खाली न आणता हात ओढले की मनगट पायाच्या आतल्या बाजूला घासतं, रंग जातो आणि सगळा जोर खांद्यावर येतो. तो मघाचा तडा पुष्कळदा इथेच सुरू होतो. मग शेपटीचे पंख आत दुमडून पाठीवरचा पॅक वळवा. नाक खाली घेताना दोन्ही पायांचे दांडे एकाच वेळी, सारख्या वेगाने पुढे आणा. एक पाय आधी बसवून दुसरा ओढला की पहिला खटका तिरका होतो आणि त्याची कड झिजते. डोकं पोटाखालून वर येतं, ते पूर्ण उलटल्याशिवाय छाती बंद करू नका. नाहीतर लेझर मध्ये सापडतो.

वाकलेला लेझर मऊ प्लॅस्टिकचा असेल तर साठ-सत्तर अंश गरम पाण्यात अर्धा मिनिट धरा, बोटांनी सरळ करा आणि लगेच गार पाण्यात घाला. कडक प्लॅस्टिकवर हे करू नका, ते पांढरं पडतं. पांढरी रेघ दिसली म्हणजे आतून चीर सुरू झालेली असते.

सांधा सैल झाला तर पारदर्शक अॅक्रिलिक फ्लोअर पॉलिशचा एक थेंब सांध्यातल्या गोल गोट्यावर लावा, रात्रभर वाळू द्या, मग हलवा. फेविक्विकसारखा झटपट गोंदही लोक वापरतात आणि तो चालतो, पण पूर्ण वाळेपर्यंत सांधा सतत हलवत राहावं लागतं. शिवाय त्याच्या वाफेने जवळची पारदर्शक कॉकपिटची काच पांढरट होते, म्हणून कॅनोपी आधी काढून ठेवा. घट्ट सांध्याला सिलिकॉन तेल. गंज सोडवायचे पेट्रोलियमचे फवारे प्लॅस्टिकला मारू नका. आणि स्क्रू उघडणार असाल तर जपानी जेआयएस मापाचाच स्क्रूड्रायव्हर घ्या. आपला नेहमीचा फुलीचा ड्रायव्हर त्या खाचेत पूर्ण बसत नाही, घसरतो आणि डोकं खाऊन टाकतो. एकदा स्क्रूचं डोकं गेलं की आतल्या बिजागरीपर्यंत पोचायचा रस्ताच बंद.

पिवळेपणा हा जुन्या 1/55 आणि जेटफायरचा सनातन रोग. पांढरं प्लॅस्टिक ऊन आणि हवेने पिवळं पडतं. एकाच खेळण्यातले तुकडे वेगवेगळे पिवळे पडतात, कारण प्लॅस्टिकची खेप वेगळी. ब्यूटी पार्लरच्या सामानाच्या दुकानात 40 व्हॉल्यूमचं डेव्हलपर क्रीम मिळतं, त्यात 12 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. तुकडा सुटा करून, सगळ्या पिना, स्प्रिंग आणि स्टिकर काढून, हातमोजे घालून ते जाडसर लावा, प्लॅस्टिकच्या पातळ कागदात गुंडाळा आणि उन्हात ठेवा. दर अर्ध्या तासाने फिरवा आणि क्रीम सारखं करा. एखाद्या जागी ते वाळलं तर तिथे ढगासारखा डाग पडतो आणि तो निघत नाही. पांढरं झालेलं प्लॅस्टिक पुन्हा पिवळं पडू शकतं, हे धरून चला.

जपानमधून जुनं मागवताना वर्णनात 'जंक' शब्द असेल तर तुटलेलं आणि परत न घेण्यासारखं समजून भाव करा. खांद्याचा जवळून फोटो मागा, दोन्ही बाजूंचा. बॅट्रॉइडमध्ये समोरून एक फोटो मागा: दोन्ही मांड्या एका उंचीवर नसतील तर एका बाजूचा खटका गेलेला आहे.

मुंबई, कोकण, गोवा इथे पावसाळ्याचे चार महिने वेगळी काळजी लागते. धातूच्या भागांवर दमटपणाने पांढरी भुकटी येते आणि जुन्या स्टिकरच्या कडा सुटतात. बंद काचेच्या कपाटात रंग बदलणाऱ्या सिलिका जेलची पुडी ठेवा, रंग बदलला की ओव्हनमध्ये कमी आचेवर सुकवून परत वापरा. चाकांना रबरी टायर असतील तर विमान प्लॅस्टिकच्या पृष्ठभागावर टेकवून ठेवू नका, महिन्यांनी टायर त्याला चिकटतो आणि खाली वितळल्यासारखा खड्डा पडतो. जाड कागदाचा तुकडा खाली पुरतो. आणि जास्त दिवस ठेवायचं असेल तर फायटरमध्येच ठेवा, स्टँडवर, म्हणजे कंबरेच्या त्या दोन खटक्यांवर काहीच वजन येत नाही.