मोटारहोमवर छप्पर घालताना

अमेरिकेतील अॅरिझोना राज्यात, फिनिक्सजवळ घर घेताना आम्ही मुद्दाम रहिवासी संघटना नसलेली वस्ती निवडली होती, कारण येथील बहुतेक संघटना मोटारहोम, म्हणजे राहण्याची सोय असलेली मोठी गाडी, घराच्या आवारात दिवसरात्र उभी करू देत नाहीत. २८ फूट लांबीची एक जुनी मोटारहोम आम्ही घेतली, कुंपणालगतच्या खडीवर उभी केली आणि ती जागा पुरेशी आहे असे मानून निश्चिंत झालो.

२०२३ च्या उन्हाळ्याने ती निश्चिंती घालवली. त्या वर्षी फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस कमाल तापमान ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४३ अंश सेल्सिअस, किंवा त्याहून अधिक होते. सप्टेंबरात शिडी लावून गाडीच्या रबरी छतावर हात फिरवला, तेव्हा तळव्याला खडूसारखी पांढरी भुकटी लागली. झरोक्याच्या कडेने फट बुजवायला भरलेले सीलंट जागोजागी तडकले होते आणि त्याखालच्या पलंगावर, आतल्या छताला, पाण्याचा तपकिरी डाग उमटला होता. कापडी आवरण आधीच्या वर्षी घालून पाहिले होते. ते वाऱ्याने फडफडून गाडीचा रंग घासत असे आणि उन्हाने विरून फाटले. लोखंडी कारपोर्ट, म्हणजे खांबांवरचे उघड्या बाजूंचे छप्पर, उभारायचे ठरले ते त्यानंतर.

मापे घेण्यात माझी पहिली चूक झाली. माहितीपत्रकातील उंची वातानुकूलन यंत्र वगळून दिलेली होती, हे मला छतावर आडवी फळी ठेवून स्वतः मोजल्यावर कळले. खरी उंची ११ फूट ४ इंच भरली. शिवाय प्रवेशाची वाट किंचित चढती असल्याने गाडी आत शिरताना तिचे एक टोक वर उचलले जाते, म्हणून खांब १४ फुटांचे घेतले. रस्त्यावरील वाहनाची रुंदी येथे साधारणतः १०२ इंचांपर्यंतच असते, त्या हिशेबाने १२ फुटांचे छप्पर पुरेल असे वाटत होते; परंतु गाडीतून बाजूला बाहेर सरकणारी खोली उघडून शिडी लावायलाही जागा हवी, म्हणून १८ फूट रुंदी घेतली. विक्रेता सांगतो ती लांबी पत्र्याची असते आणि सांगाडा तिच्यापेक्षा फूटभर आखूड असतो, ही गोष्ट मात्र विचारल्याखेरीज कोणी सांगत नाही.

एवढे झाल्यावर सावलीचा प्रश्न सुटला असे मला वाटले. विक्रेत्याचे म्हणणे असे, की इतक्या साध्या शेडला परवाना लागत नाही. ते खरे नव्हते. परवाना देणाऱ्या कार्यालयाने जागेचा नकाशा, कुंपणापासूनची अंतरे आणि राज्यात नोंदणी असलेल्या अभियंत्याच्या शिक्क्याचे आराखडे मागितले. दुपारनंतरचे ऊन पश्चिमेकडून तिरपे खाली शिरते म्हणून मी त्या बाजूला वरून तीन फूट रुंदीचा पत्र्याचा पट्टा वाढवून घेतला होता, आणि तो आराखड्यात नव्हता. अर्ज परत आला. मला ही अडवणूक वाटली. अभियंत्याने शांतपणे समजावले, की बाजू उघड्या असलेल्या छपराखाली वारा शिरला की ते वर उचलले जाते आणि बाजूला लावलेला प्रत्येक पत्रा शिडासारखा वारा धरतो, त्यामुळे पट्टा वाढला की खालच्या पकडीचा हिशेब बदलतो. फोनवर वडिलांना हे सांगितले, तेव्हा देवरुखच्या घराच्या पडवीवर दर वैशाखात दगड चढवणारे ते गृहस्थ म्हणाले, ‘‘मग त्यात शिकण्यासारखं काय आहे?’’

खरे काम जमिनीत होते. खड्डे खणण्यापूर्वी ८११ या क्रमांकावर कळवून भूमिगत वाहिन्यांच्या खुणा करून घेतल्या. स्वस्तातला पर्याय म्हणजे खांब धरून ठेवणारे मळसूत्री नांगर, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेले लोखंडी दांडे, जमिनीत पिळून बसवणे. पण येथील मातीखाली चुन्याने घट्ट झालेला, सिमेंटसारखा थर असतो, त्याला ‘कलीची’ म्हणतात. पहिला नांगर दीड फुटावर अडला आणि यंत्रच गोल फिरू लागले. शेवटी हातोडायंत्र भाड्याने आणून, दोन मजुरांच्या मदतीने प्रत्येक खांबाखाली खड्डा फोडला, सळया बांधल्या आणि काँक्रीट ओतण्याआधी तपासनिसाला बोलावले. त्याने फीतपट्टीने प्रत्येक खड्डा मोजला. एक तीन इंच उथळ निघाला, तो पुन्हा खणावा लागला. पायाचा खर्च छपराच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत गेला. याउलट, सांगाडा आणि पत्रे चढवायला कामगारांना दीड दिवस पुरला. पत्र्याच्या पन्हळी माथ्यापासून खाली उतरतील अशी थोडी महाग रचना मी निवडली, कारण आडव्या पन्हळींत येथे पाण्याआधी धूळ साचते.

अॅरिझोनातील पावसाळा १५ जून ते ३० सप्टेंबर असा धरला जातो. जुलैत धुळीचे पहिले मोठे वादळ आले, तेव्हा मी खिडकीत उभा राहून पत्र्यांकडे नव्हे, खांबांच्या तळाकडे पाहत होतो. सकाळी पाना घेऊन सगळे बोल्ट तपासले. दोन किंचित सैल झाले होते. गाडीच्या छतावर नवे सीलंट भरून आता वर्ष होत आले आहे आणि त्याला तडा नाही. चाकांवर मात्र अजूनही पांढरी आच्छादने घालावी लागतात, कारण सकाळचे ऊन पूर्वेकडून थेट टायरांवर पडते.

सध्या एक अडचण उरली आहे. सांगाड्याच्या आडव्या नळीवर होल्यांच्या जोडीने घरटे केले आहे. अंडी असलेले घरटे हलवायला येथील कायद्याने मनाई आहे, त्यामुळे ज्या छतासाठी हा सारा खटाटोप केला, त्यावर घरट्याखाली जुनी चादर अंथरून आम्ही पिल्ले उडण्याची वाट पाहत आहोत.