आमच्या पागोळीचे पाणी

गेल्या वर्षी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात येथील, म्हणजे अमेरिकेतल्या न्यू जर्सीतल्या आमच्या गावच्या, नगरपालिकेच्या अभियांत्रिकी विभागाचे एक पत्र आमच्या टपालपेटीत आले. आपल्या छपराचे पाणी जमिनीखालील नळीने एकत्र करून मागील हद्दीजवळ सोडण्यात आले आहे, ते शेजारच्या अंगणात साचते, सबब तीस दिवसांच्या आत दुरुस्तीचा आराखडा सादर करावा, असा त्याचा आशय होता. ती नळी मी आणि माझ्या नवऱ्याने चार शनिवार-रविवार राबून स्वतः पुरली होती, आणि तेव्हापासून आमच्या तळघरात पाण्याचा थेंब आला नव्हता. त्यामुळे पत्र वाचताच मला राग आला. पाणी उताराने जाते, आमच्या मागची जागा आमच्यापेक्षा खाली आहे, यात आमचा काय गुन्हा, असे मी त्या संध्याकाळी तावातावाने म्हणत होते.

हा राग समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळुणात शिरले, तेव्हा मी न्यू जर्सीत फोन हातात घेऊन बसून होते. माझी मावशी बाजारपेठेच्या जवळ राहते. तिचा खालचा मजला पूर्ण पाण्यात होता आणि दीड दिवस तिच्याशी बोलणे होऊ शकले नाही. त्यानंतर एक्केचाळीसाव्या दिवशी, १ सप्टेंबरला, आयडा चक्रीवादळाचा उरलेला पाऊस आमच्यावर कोसळला. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एका तासात ३.१५ इंच, म्हणजे ८० मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसाला हा आकडा नवा नाही. आमच्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. येथे वर्षभरात मिळून बाराशेच्या आसपास. परंतु कोकणातले घर जोत्यावर उभे असते, आणि येथे घराचा एक अख्खा मजला जमिनीत पुरलेला असतो. न्यूयॉर्क शहरात त्या रात्री तळघरातील खोल्यांत राहणारी माणसे बुडून मेली. न्यू जर्सीत आमच्या घरी वीज गेली, तिच्याबरोबर तळघरात झिरपलेले पाणी उपसून बाहेर टाकणारा सम्प पंप बंद पडला आणि घोट्याच्या वर पाणी चढले. हिवाळ्यात घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचा खालचा भाग निकामी झाला, आणि वीस वर्षे जपलेल्या दिवाळी अंकांची दोन खोकी लगदा होऊन बाहेर काढावी लागली.

पुढच्या आठवड्यात तळघरे कोरडी करून देणारा एक कंत्राटदार आला. भिंतीला लागून आतून फरशी कापायची, त्यात नळी घालायची, दुसरा पंप बसवायचा, असे त्याचे सांगणे होते आणि खर्च चौदा हजार डॉलर. पाणी आत आल्यावर त्याची व्यवस्था काय करायची याचा विचार त्याने केला होता. ते आत का येते, हा प्रश्न त्याच्या कागदावर कुठेच नव्हता. तो प्रश्न विचारला माझ्या बाबांनी, गावाहून, व्हिडिओ कॉलवर. ते म्हणाले, "अगं, जोत्याभोवती ढाळ कुणीकडे आहे, ते आधी बघ."

मी दोरी आणि लेव्हल घेऊन बाहेर गेले, आणि जे दिसले त्याने मला खरोखर लाज वाटली, कारण ज्या घरात मी वाढले तेथे हे शाळकरी पोरालाही कळले असते. आमच्या घराभोवतीची जमीन घराच्या दिशेने उतरत होती. घर बांधताना पायाभोवती रुंद खड्डा खणतात आणि भिंती उभ्या राहिल्यावर तो भुसभुशीत मातीने बुजवतात. ती माती पुढे वर्षानुवर्षे दबत जाते आणि भिंतीलगत उथळ वाटी तयार होते. त्यात आधीच्या मालकाने झुडपांच्या वाफ्यांना प्लॅस्टिकची कड लावली होती, म्हणजे पाणी अडवायला बांधच घातला होता. येथील बांधकाम नियमावलीत भिंतीपासून पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार हवा असे स्पष्ट म्हटले आहे. आमच्याकडे तो उलट तीन इंच होता. छपराच्या पन्हळीचे चारही नळ भिंतीपासून जेमतेम हातभर अंतरावर पाणी ओतत होते. हजार चौरस फूट छपरावर एक इंच पाऊस पडला तर ६२३ गॅलन पाणी होते. आमचे छप्पर चौदाशे चौरस फुटांचे, म्हणजे इंचभर पावसात तीन हजार तीनशे लिटर पाणी आम्ही स्वतःच्या घराच्या पायात सोडत होतो. मध्य न्यू जर्सीची तांबडी चिकणमाती ते लवकर पीत नाही. मग ते भिंतीवर दाब टाकते आणि मिळेल त्या भेगेतून आत येते.

गावाकडे आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, कामांत हे सगळे न बोलता होत असे. वळचणीखाली पागोळीचा मार बसतो तेथे जांभ्याचे चिरे रचलेले असत, मेच्या अखेरीस अंगणाच्या कडेचा चर उपसला जाई, आणि वाडीतली माणसे एक दिवस ठरवून पऱ्ह्यातला, म्हणजे ओहोळातला, पाला आणि दगड काढीत. आम्हाला ते शहाणपण वाटत नसे, ते नुसते काम होते. येथे त्याच गोष्टीसाठी परवाने, आराखडे आणि हजारो डॉलरची अंदाजपत्रके असतात, हे पाहून माझ्या मनात आपल्या लोकांविषयी अभिमान दाटून आला, आणि तो मी लपवणार नाही.

तर आम्ही काम केले. भिंतीलगत वाळू किंवा बागेची हलकी माती न घालता मुद्दाम चिकणमाती आणून ती थर देत चोपली, आणि वाळवी लागू नये म्हणून भिंतीला बाहेरून लावलेल्या फळ्यांखाली पायाचे सहा इंच काँक्रीट उघडे ठेवले. खणण्याआधी ८११ या क्रमांकावर कळवावे लागते. ही सेवा मोफत आहे, आणि न्यू जर्सीत कामाचे तीन दिवस आधी सूचना देणे बंधनकारक आहे. त्यांची माणसे येऊन गवतावर रंगीत खुणा करून गेली: गॅसची पिवळी, विजेची तांबडी, पाण्याची निळी, सांडपाण्याची हिरवी, दूरध्वनीच्या तारांची नारिंगी. पिवळी रेघ आमच्या ठरवलेल्या चरापासून दीड हातावर होती. आपल्याकडे रस्ता खणताना जलवाहिनी फुटली ही बातमी दर आठवड्याला वाचणाऱ्या मला त्या पाच रंगांचे जे कौतुक वाटले, ते शब्दांत सांगणे कठीण आहे. मी त्यांची छायाचित्रे काढून घरी पाठवली.

घराच्या कडेला खडीचा झिरपचर घातला. त्याला येथे फ्रेंच ड्रेन म्हणतात, पण त्याचा फ्रान्सशी संबंध नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या काँकर्डचे हेन्री फ्लॅग फ्रेंच यांनी १८५९ मध्ये शेतीच्या निचऱ्यावर ग्रंथ लिहिला, त्यांचे हे नाव. वॉशिंग्टनमधला लिंकनचा बसलेला पुतळा घडवणारे शिल्पकार डॅनियल चेस्टर फ्रेंच हे त्यांचे चिरंजीव. चराला आठ फुटांमागे एक इंच उतार, तळाला धुतलेली खडी, भोवती कापड आणि मधोमध छिद्रांची नळी. नळीची छिद्रे खाली ठेवायची असतात, हे मला आधी पटेना. पाणी चरात खालून वर चढत येते, म्हणून छिद्रे खाली असली की ते लवकर नळीत शिरते आणि चर कमी भरतो. छपराचे पाणी मात्र आम्ही वेगळ्या, बिनछिद्रांच्या नळीत घेतले आणि परसातल्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात सोडले. चूक तेथे होती.

पत्राला उत्तर म्हणून भांडायचेच, या हेतूने मी कायदा वाचायला बसले. १८८२ च्या आपल्या सुविधाधिकार कायद्यात, वरच्या जमिनीत पडलेले पाणी खालच्या जमिनीत नैसर्गिकरीत्या वाहू दिले पाहिजे, असे उदाहरण दिलेले आहे, ते मला ठाऊक होते. इंग्रजी परंपरेतल्या या देशातही तसेच काही असेल असे मी धरून चालले होते. शोधताना सापडला तो न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९५६ चा निकाल, तोही आमच्यापासून पंधरा मिनिटांवरच्या रॉवे गावातला. एका विकासकाने ४२ एकरांचा तुकडा साफ करून त्यावर १८६ घरे बांधली आणि त्यांचे पावसाचे पाणी नळांनी एका ओढ्यात सोडले. खालच्या बाजूच्या कुटुंबांच्या जागेतून जाणारा तो ओढा फुगून काठ खाऊ लागला. पावसाचे पाणी हा सर्वांचाच शत्रू, ज्याने त्याने आपापला बचाव करावा, असे जे जुने तत्त्व होते ते न्यायालयाने बाजूला सारले, आणि आपल्या जमिनीचा वापर वाजवी आहे का, शेजाऱ्याचे होणारे नुकसान अवाजवी आहे का, ही कसोटी लावली. तळ्यापर्यंतचा उरलेला ओढा विकासकाने स्वतःच्या खर्चाने नळात घालावा, असा आदेश कायम झाला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले.

मी तो निकाल दोनदा वाचला. त्यानंतर आपल्या कायद्यातल्या 'नैसर्गिकरीत्या' या शब्दाकडे परत गेले. छपराचे पाणी गोळा करून चार इंची नळीच्या तोंडातून दुसऱ्याच्या गवतावर सोडणे नैसर्गिक नव्हते, हे मला मान्य करावे लागले. तरीही एक गोष्ट मी येथे आवर्जून सांगते: शेतातले पाणी अडवणाऱ्याचा अडथळा मामलेदाराने काढून द्यावा, हा कायदा मुंबई इलाख्यात १९०६ पासून आहे. आपल्याकडे नियम नव्हता असे कोणी म्हणू नये. नियम होता, माणसेही होती. आता डांबराच्या थरावर थर चढून रस्ता अंगणापेक्षा उंच होतो आणि पाणी घरात येते, तेव्हा तीस दिवसांची मुदत देणारे पत्र कोणाला येते, एवढेच मला विचारावेसे वाटते.

त्या रविवारी पाऊस पडत असताना मी मागच्या शेजारणीकडे गेले. त्या सत्तरीच्या पुढच्या आहेत, एकट्या राहतात. तक्रार त्यांनीच केली होती. आधी मला का सांगितले नाही, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की आमच्या घराच्या आधीच्या मालकाला त्यांनी एकदा सांगितले होते आणि तो त्यांच्या अंगावर ओरडला होता. पुन्हा तसे होईल अशी भीती वाटली. यावर मला काही बोलता आले नाही. मग त्या छत्री घेऊन माझ्याबरोबर बाहेर आल्या, दोन्ही परसांमधल्या हद्दीवर उभ्या राहिल्या आणि काठीने दाखवू लागल्या. त्या चाळीस वर्षांपूर्वी येथे आल्या तेव्हा दोन्ही घरांच्या मधून गवताची एक रुंद, उथळ घळ रस्त्यापर्यंत जात होती. आधीच्या मालकाने अवजारांची खोली ठेवण्यासाठी तिचा वरचा भाग भरून टाकला. आमच्या घराच्या पायात पाणी का मुरत होते आणि त्यांच्या परसात का साचत होते, या दोन्हींचे उत्तर त्या भरावाखाली होते. त्यांनी दाखवले नसते तर कोणत्याही अभियंत्याला ते कळले नसते.

आराखडा मी हाताने काढला. नगरपालिकेचे अभियंते स्वतः पाहायला आले, चिखलात उतरले, दोन ठिकाणी पातळी मोजून बदल सुचवले आणि आठवड्यात मंजुरी दिली. अवजारांची खोली हलवली, घळ पुन्हा मोकळी केली. नळीचे तोंड मागे घेऊन तेथे बारा फूट लांब, बारा फूट रुंद आणि सहा इंच खोल असा पाणी मुरवण्याचा बगिचा केला. छपराच्या मागच्या सातशे चौरस फुटांवर सव्वा इंच पाऊस पडला तर होणारे पाणी जवळपास तेवढ्या खड्ड्यात मावते. आधी फूटभर खोल खड्डा खणून पाणी भरून पाहिले, तर दुसऱ्या सकाळी ते निम्मेही उतरले नव्हते. म्हणून चिकणमाती काढून जाड वाळू आणि कंपोस्ट मिसळावे लागले. जास्तीचे पाणी घळीतून रस्त्याकडेच्या जाळीत जाते. साचलेल्या पाण्यात डास होतील, ही माझी मोठी काळजी होती, पण पाणी दोन दिवसांत मुरले की डासांची अळी वाढत नाही. तेथे लावलेल्या मिल्कवीडचे पान मोडले की पांढरा चीक येतो, बाबांनी कॅमेऱ्यातून पाहून विचारले, "ही रुई का?" ती रुईच्याच कुळातली आहे.

ऑगस्टमध्ये रात्रीतून दोन इंच पाऊस झाला. सकाळी बगिचा भरून घळीतून पाणी शांतपणे रस्त्याकडे जात होते, शेजारणींचे गवत पायाखाली घट्ट लागत होते आणि आमचे तळघर कोरडे होते. बाबांना चित्रफीत पाठवली. त्यांनी माती वाहून गेली नाही ना, असे विचारले, आणि मग सांगितले की रस्ता पुन्हा उंच झाल्याने यंदा आपल्या अंगणात पाणी आले, म्हणून गडी लावून नवा चर मारला. मी त्याच दिवशी मजुरीचे पैसे पाठवले. मुलांची शाळा जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत असते, मेमध्ये आगोटीला मला जाता येत नाही; जे येथून करता येते ते मी करते.

नोव्हेंबरमध्ये ओकची पाने पडून पन्हळी आणि घळ भरते. जमीन गोठण्याआधी ती साफ करावी लागते. आमच्या बाजूची झाली की मी हद्दीपलीकडची वीस फूटही उपसते, कारण शेजारणींना आता वाकता येत नाही.